एक बाजू राह्यली

फोनवर गोकर्णाचं नाव दिसलं आणि मी तोंड सोडलं. "काऊन व, आज बरी आठवण आली? जुन्या साड्या काढून ठेवल्या का नाही? ऐनवेळी गाठोडं बांधत बसलीस त तुले धाडलेच सोडून मी एकटी पुढं जाईन, सांगून ठेवते..." माझं हे असंच आहे. समोरच्यानं हॅलो म्हणायच्या आत माझं निम्मं बोलून झालेलं असतं. सगळी नोकरी पोरांवर ओरडण्यात गेली, त्याचा हा परिणाम. पण पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग पुरुषाचा आवाज आला, "बाई, मी देवराव." गोकर्णाच्या नवऱ्यानं मला त्याआधी कधीही फोन केला नव्हता. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मिरच्या तोडताना छातीत दुखतं म्हणाली, जीप केली, बुलढाणा यायच्या आतच... संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. तिनं पाठवलेल्या तीळगुळाचा डबा माझ्या ओट्यावर होता आणि त्यात अजून चार लाडू शिल्लक होते. मी फोन ठेवला आणि तो डबा उगाच उचलून कपाटात ठेवला, परत काढला, परत ठेवला. बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

गोकर्णा ही माझी मैत्रीण. मी धाडच्या शाळेत शिकवत होते तेव्हा तिची पोरगी संगीता माझ्या वर्गात होती. संगीताचं दप्तर गोधडीसारखं ठिगळं जोडून हातानं शिवलेलं होतं. सगळ्या वर्गात उठून दिसायचं. मी विचारलं, हे कोणी शिवलं? तर दुसऱ्या दिवशी पोरगी आईलाच घेऊन आली. बाईंनी बोलावलं म्हणजे पोरीनं काहीतरी उद्योग केला असणार, असं समजून गोकर्णा शाळेच्या दारात घाबरून उभी होती. मी म्हटलं, अहो, मला असं एक शिवून द्या. तेव्हा ती जी हसली, तशी ती पुढे फक्त एकाच ठिकाणी हसताना मला दिसली. त्या ठिकाणाविषयी मला लिहायचं आहे, कारण तिथं गेल्याशिवाय गोकर्णा कोणाला कळलीच नसती.

सोनाळ्याला माझी वच्छलामामी राहते. गावाबाहेर संत्र्याची बाग आणि बागेत पत्र्याचं लांबलचक घर. मामी आता खूप थकली आहे, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते आणि ते सगळ्यांना बोलावून दाखवते. एकटीनं गोधडी शिवत बसणं म्हणजे शिक्षा आहे, असं तिचं ठाम मत. म्हणून होळी झाली, हरभरा-गहू घरात आला, की ती आम्हाला बोलावते. कोणी मेहकरकडची, कोणी खामगावची, धाडची गोकर्णा आणि बुलढाण्याची मी, अशा सात-आठ बायका आपापल्या चिंध्यांची गाठोडी घेऊन चार-पाच दिवस तिथं जमतो. पेपरात याला शिबिर वगैरे म्हणतील. आम्ही म्हणतो, गोधड्यायले जाणं. बोथ्याचा घाट उतरून खामगाव, तिथून पुढची एसटी, अर्धं तिकीट, मांडीवर गाठोडं. शेवटच्या फाट्यावर उतरलं की मामीच्या बागेपर्यंत चालायचं. त्या रस्त्यावर पाऊल पडलं की गोकर्णा डोक्यावरचा पदर मागं टाकायची, अगदी ठरवून टाकल्यासारखा.

तिथली गोकर्णा बघायला धाडच्या लोकांना न्यायला हवं होतं. घरी मान खाली घालून वाढणारी ही बाई सोनाळ्यात कंडक्टरची नक्कल करायची, मामीच्या घोरण्याची करायची आणि माझी तर इतकी हुबेहूब करायची की मी चिडून तिला सुई टोचायला धावले होते. चष्मा नाकावर घेऊन म्हणायची, "गप बसा रे, नाही तर एकेकाले..." आणि मग सगळ्याजणी आडव्या. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धुतलेल्या चिंध्यांचे थर सारखे बसवायचे, वर दुसरं लुगडं घालायचं, कडा आत दुमडायच्या आणि चौघींनी चार बाजूंना बसायचं. एक गोधडी झाली की दुसरीची. टाके चालू, तोंड त्याहून जोरात चालू. दुपारी वांग्याची झणझणीत भाजी आणि रोडगे, तेही आम्ही स्वतः न करता मामीच्या सुनेकडून आयते. एका बाईनं जेवताना सांगितलं होतं, "मले जल्मात कोनी ताट वाढून देल्लं त ते इथंच." ती हसत म्हणाली होती, आम्हीही हसलो होतो. पुरुषांना त्या चार दिवसांत बागेच्या फाटकाच्या आत यायला बंदी. मामीचा मुलगासुद्धा फाटकावरून हाक मारून दूध देऊन जायचा.

मामीच्या घरची गोधडी शिवायची एक रीत आहे आणि ती आम्ही सगळ्या पाळतो. तीन बाजू पक्क्या शिवायच्या. चौथी बाजू उघडी ठेवायची, ते गोधडीचं तोंड. सगळं शिवून झालं की ताज्या भाकरीचा एक तुकडा फडक्यात बांधून त्या तोंडातून आत कोपऱ्यात सारायचा. गोधडीला घास दिल्याशिवाय तिच्यात कोणाला ऊब लागत नाही, असं मामी मानते. मग ही गोधडी ज्याच्या अंगावर जायची आहे त्याचं नाव घरच्या माणसानं मोठ्यानं घ्यायचं, सगळ्यांनी ऐकायचं आणि तोंड शिवून टाकायचं. नाव घेतलेली गोधडी मग घरी ठेवायची नाही, त्या माणसाला द्यायची. नातवाचं नाव, लेकीचं नाव, शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाचं नाव... त्या वेळी प्रत्येकीचा आवाज जरा वेगळा लागतो. मी शिकलेली बाई, पण मीही त्या वेळी गप्प असते.

गोकर्णा पहिल्यांदा आली त्याच्या आदल्या वर्षी तिच्या घरात मोठी घटना घडली होती. संगीता नर्सिंग शिकायला जळगावला गेली होती. तिनं तिथं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरी करणारा, फक्त जात दुसरी. देवरावांनी अंगणात बसून पोरीच्या नावानं आंघोळ केली. जिवंत पोरीच्या! गोकर्णाला पाणी आणून द्यायला लावलं आणि सांगितलं, आजपासून या घरात हे नाव नाही. तिचे कपडे, पुस्तकं, फोटो सगळं गोठ्यामागं नेऊन जाळायचं. गोकर्णानं पुस्तकं जाळली. फोटो जाळले. कपडे तिनं चिंध्यांच्या गाठोड्यात घातले, कारण बायकांच्या चिंध्यांच्या गाठोड्यात डोकावून बघणारा पुरुष आमच्या जिल्ह्यात तरी अजून जन्माला आलेला नाही. मला हे सांगताना ती रडली नाही. मला मात्र देवरावांचा असा राग आला की पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. दारातूनच तिला हाक मारायची.

मीच तिला सोनाळ्याला नेलं. देवरावांनी परवानगी दिली खरी, पण अटीवर. "घरात गोधड्यायचा ढीग पडेल हाय. ही एक कर आन बस. ही झाली की पुन्हा जायचं नाव नाही," असं ते माझ्यासमोर बोलले. त्या वर्षी गोकर्णानं आपलं गाठोडं सोडलं. अंगणात शाळेचा निळा स्कर्ट निघाला, परकर-पोलकं निघालं, एका बाहीचं बटण तुटलेला फ्रॉक निघाला. कोणी काही विचारलं नाही. आम्ही ते सगळं दोन लुगड्यांच्या मधे, मऊ चिंध्यांत पसरून बसवलं, बाहेरून काही दिसू नये असं. तीन बाजू झाल्या. मामी भाकरीचा तुकडा घेऊन बसली आणि म्हणाली, "नाव घे व. कोनाची हाय वाकय?" सोनाळ्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि मामीच्या तोंडी ती वाकय होते. गोकर्णा सुई हातात धरून बसली. ओठ हलले, पण आवाज निघेना. घरात बंदी असलेलं नाव तिच्या घशातच अडकून बसलं होतं. मामीनं बराच वेळ वाट पाहिली, मग तुकडा परत ताटात ठेवला. म्हणाली, "राहू दे. नाव येईन तवा शिवू." ती गोधडी तशीच, एक बाजू उघडी, घरी गेली.

पुढच्या होळीला देवरावांनी विचारलं, "झाली का नाही तुह्यी गोधडी?" आणि गोकर्णानं खरं तेच सांगितलं, "एक बाजू राह्यली." ती आली. त्या वर्षी मामीनं तिच्या हातात आपला मोबाइल दिला आणि म्हणाली, "लाव." घरातला फोन देवराव तपासायचे आणि गावात कोणाच्या फोनवरून करावा तर संध्याकाळच्या आत पारावर बातमी. सोनाळ्यात तसलं काही नव्हतं. लेकीचा नंबर गोकर्णाला पाठ होता. ती फोन घेऊन संत्र्याच्या झाडांत गेली. आम्ही सगळ्या टाके घालायचं सोडून तिकडेच कान लावून बसलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. आणि त्या झाडांतून तिचा आवाज आला, इतका मोठ्यानं की फाटकावरचा कुत्रा भुंकायला लागला, "संगे! माय व, संगे!"

नाव आलं होतं. म्हणजे आता गोधडी शिवून टाकायला हवी होती. पण गोकर्णानं त्या वर्षी संगीताची एक ओढणी आत घातली आणि तोंड उघडंच ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दर वर्षी एखादं कापड त्या उघड्या बाजूनं आत जायचं. गोधडी इतकी जाड झाली की सुई बाहेर काढायला पक्कड घ्यावी लागेल, असं आम्ही तिला चिडवायचो. ती हसायची. दर वर्षी घरी तोच प्रश्न, तेच उत्तर. दर वर्षी चार दिवस फोनवर लेकीचा आवाज. संगीताला भाजीत मीठ किती लागतं इथपासून जावयाला खोकला कशाचा झाला इथपर्यंत सगळं गोकर्णाला ठाऊक असायचं. ते सगळं ती वर्षभर पुरवून पुरवून आठवत राहायची.

मग संगीताला मुलगी झाली. त्या होळीला फोनवर ती आईला म्हणाली, आता ती गोधडी पाठव, पोरीच्या अंगावर घालते, आजीची म्हणून सांगते. मी गोकर्णावर उखडले. म्हटलं, आता कशाची वाट बघतेस? नातीला थंडी वाजून राह्यली न तू इथं गोधडी जाड करत बसली! तिनं सुई खाली ठेवली, दाताखालचा दोरा काढला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, गोधडी देल्ली त मंग मी कशाच्या नावानं येऊ इथं? त्यायनं सांगेल हाय, ही झाली की बस. तोंड शिवलं की माहं येनं बंद. गोधडी पोहोचंन तिच्याकडं, पन मी नाही पोहोचनार."

लेकीला गोधडी द्यायची तर लेकीचा आवाज जाणार, आवाज ठेवायचा तर नात उघडी... असल्या कात्रीत त्या बाईला कोणी आणि कशासाठी टाकलं होतं? मी म्हटलं, नवऱ्याला तोंडावर सांग एकदा. ती म्हणाली, "तुमचं सोपं हाय बाई, तुमच्या घरात तुमीच बोलता." हे अगदी खरं आहे म्हणून मला जास्त लागलं. तिनं स्वतःला भित्री म्हणवून घेतलं, पण एवढी वर्षं एका उघड्या शिवणीवर एवढं सगळं तोलून धरणं भित्र्या माणसाचं काम नव्हे, असं मला वाटतं. आणि तरीही मला तिचाही राग यायचा. दोन्ही एकाच वेळी.

गेल्या होळीला तिनंच मार्ग काढला. फोनवर संगीताला म्हणाली, पुढच्या वर्षी तूच ये सोनाळ्याला, पोरीला घेऊन. तिथंच तोंड शिवू, तिथंच तुझ्या हातात देऊ. मग बंद झालं येणं तर होऊ दे, एकदा डोळे भरून पाहून तर घेईन. त्या दिवशी तिनं गाठोड्यातलं शेवटचं कापड गोधडीत ठेवलं. पिवळा फ्रॉक, खिशावर लाल फूल. "हा त्यायनं आनला होता, धाडच्या बाजारातून," ती म्हणाली. "संगी शायेत पहिल्यांदा गेली तवा. खांद्यावर बसवून नेली होती पोरीले." तो फ्रॉक तिनं तोंडापाशीच ठेवला, टाका न घालता. बाकीचं सगळं वर्ष आम्ही दोघी याच गोष्टीवर बोलत होतो. पोरीसाठी कानातलं करावं का, किती बाकरवड्या कराव्या, संगीता जाड झाली असेल का बारीक. संक्रांतीच्या दिवशीही ती फोनवर नावं न घेता बोलली, "ते दोघी येनारच न बाई?" मी म्हटलं, येणारच. मग मिरच्या तोडताना छातीत दुखलं.

देवरावांचा फोन ठेवल्यावर मी मामीला फोन केला आणि मामीकडून नंबर घेऊन संगीताला. ती जळगावहून निघाली तेव्हा गोकर्णाचा पुण्याला असलेला भाऊ अजून रस्त्यात होता, म्हणून सगळे थांबले होते, तिच्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं. ती आली. कडेवर पोर, केस विस्कटलेले. अंगणातली गर्दी बाजूला झाली. मी भिंतीपाशी उभी होते. मला धडकी भरली होती की देवराव आता काही बोलतील आणि मलाही काहीतरी बोलावं लागेल. पण त्यांनी खांद्यावरचा शेला ओढून स्वतःच्या तोंडावर घेतला, बस. संगीतानं आईच्या तोंडात पाणी घातलं, पायांवर डोकं ठेवलं. बायका कुजबुजत होत्या, "पोरगी आली, पोरगी आली." एवढी बोलणारी माणसं, पण एकाच्याही तोंडून तिचं नाव निघालं नाही. नंतर मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. जीपमध्ये बसताना तिनं मला एकच विचारलं, "बाई, गोधडी कुठं हाय?"

ती गोधडी मला दहाव्याला दिसली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, गोकर्णाची सतरंजी, उशी, सगळं गेलं होतं. ही एक गोधडी देवरावांच्या खाटेवर होती. मी धीर करून म्हटलं, "भाऊ, ती गोधडी मले द्या. सोनाळ्याच्या बायांनी शिवेल हाय, त्यायले आठवण म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते अर्धवट हाय," म्हणाले. "एक बाजू राह्यली हाय. अर्धवट कशाले नेता?" देवराव ती रोज अंगावर घेतात म्हणे, त्यांच्या वहिनीनं सांगितलं. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी हे संगीताला फोनवर सांगितलं आणि सांगितल्यावर वाटलं, उगाच सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे माह्या फ्राकाखाली झोपून राह्यले का ते? आन माहं नाव नाही घेत."

त्यानंतर काही दिवसांनी देवराव माझ्या दारात उभे राहिले. बुलढाण्याला भाजीचा माल घेऊन येतात ते. एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात खताच्या रिकाम्या पोत्यात बांधलेली गोधडी. मी त्यांना आत बोलावलं. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. पोतं सोडलं, गोधडी टेबलावर ठेवली आणि सदऱ्याच्या आतून पिवळा फ्रॉक काढून तिच्यावर ठेवला. "झोपेत बाहेर आला," म्हणाले. "सकाळी उठलो त हातात होता." खिशावरच्या लाल फुलावर त्यांचा अंगठा फिरत होता. मग त्यांनी उघड्या बाजूतून हात घालून चाचपून दाखवलं, आत अजून काय काय लागतं ते. "सारंच हाय का बाई तिचं यात?" मी हो म्हटलं. "आन गोकर्णा दरसाल तिकडं..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मी केलं. फोनचं, संत्र्याच्या झाडांचं, उघड्या बाजूचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हे सांगताना मला बरं वाटेल, इतक्या वर्षांचा राग निघेल. तसं काही झालं नाही. समोर एक म्हातारा माणूस बसला होता आणि त्याचा चहा निवत होता.

शेवटी म्हणाले, "शिवून टाका बाई ते तोंड. मले नाही पाहावत." मी उठले. सुई-दोरा आणला, दुपारच्या भाकरीचा तुकडा फडक्यात बांधला, फ्रॉक होता तसा आत ठेवला, घास कोपऱ्यात सारला. मग म्हटलं, "नाव घ्या भाऊ." त्यांना रीत माहीत होती, गोकर्णानं घरात सांगितलीच असणार. ते म्हणाले, "गोकर्णा." मी म्हटलं, "तिचं नाही. ही जिच्या अंगावर जायची तिचं." ते गोधडीकडे बघत राहिले. ओठ हलले, पण आवाज निघेना. पहिल्या वर्षी सोनाळ्याच्या अंगणात गोकर्णाचं झालं होतं, अगदी तसंच. मग ते उठले, पायात वहाणा सरकवल्या. "मले नाही जमत," म्हणाले आणि गोधडी तिथंच सोडून निघून गेले.

नाव नाही तर नाही, गोधडी तर आली, असं मला वाटलं. मी लगेच संगीताला कळवलं, गोधडी माझ्याकडे आली, होळी झाली की सोनाळ्याला घेऊन येते, तू पोरीला घेऊन ये. तिनं विचारलं, "त्यायनं नाव घेतलं का?" नाही म्हटलं. "मंग येईन मी, मामीले भेटाले येईन. पन गोधडी नका आनू बाई. तोंड उघडं असलेली गोधडी मी पोरीच्या अंगावर नाही घालनार. आन दुसऱ्या कोनी नाव घेऊन शिवून नका देऊ. मले समजंन." कसं समजेल ते मी विचारलं नाही. गोकर्णाची लेक आहे, टाका ओळखेल. मामी म्हणते, पोरीचं बरोबर आहे, घरच्या माणसानंच घ्यायचं असतं नाव. माझ्या मनात येतं, अर्ध्या तासाचं काम आहे, शिवून टाकावी, सांगावं त्यांनी घेतलं म्हणून, एका खोट्यानं तीन माणसं सुखी होतील. सुई हातात घेते आणि परत ठेवते. आईनं एवढी वर्षं जे उघडं ठेवलं ते मी कोण बुजवणार...

गोधडी माझ्या पुढच्या खोलीत दिवाणावर आहे. सुई तोंडापाशी खोचलेली आहे, दोरा ओवलेला. भाकरीचा तुकडा दोन दिवसांत वाळून खडखडीत होतो म्हणून मी तो बदलते. माझी सून म्हणते, आई, उंदीर होतील. होऊ देत. देवराव आता बुलढाण्याला माल आणला की येतात. कधी वांगी, कधी कोथिंबिरीची जुडी. सोफ्याच्या कडेला बसतात, चहा घेतात, पावसापाण्याचं आणि मिरचीच्या रोगाचं बोलतात. मीही त्यांच्याशी बोलते, हे गोकर्णानं पाहिलं असतं तर तिनं आमच्या दोघांची नक्कल केली असती. मागच्या खेपेला त्यांनी गोधडीवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि "सं..." एवढंच म्हणून खोकत राहिले. मी पाणी आणून दिलं. मी त्यांना सांगितलं आहे की होळी झाली की मी सोनाळ्याला जाणार आणि तिथं कोण कोण येणार आहे. त्यांनी ऐकलं, मान हलवली नाही. होळी आता आलीच. दर वेळी जाताना ते दारात थांबतात, वहाणा घालतात आणि माझ्याकडे पाठ ठेवून, गोकर्णाला विचारायचे त्याच आवाजात विचारतात, "झाली का बाई गोधडी?"

मी म्हणते, "नाही भाऊ. एक बाजू राह्यली."